आमच्या साडूंचं छप्पर

डोक्यावरच्या छपराचा आमच्या साडूंइतका विचार केलेला माणूस पुणे शहरात आजवर झाला नाही, आणि त्यांच्याइतकी वर्षं बिनछपराच्या घराचा मालक म्हणून राहिलेला माणूसही दुसरा झाला नसावा. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे असं त्यांना स्वतःला कधी वाटलं नाही. उलट चार भिंती उभ्या राहिल्या की महिन्याभरात त्यांवर काहीतरी घालून मोकळे होणारे लोक त्यांना भलतेच उतावळे वाटत. 'लोक जावई शोधायला दोन वर्षं घेतात,' ते म्हणत, 'आणि छप्पर एका दुपारात. जावई निदान दिवसा तरी घराबाहेर असतो.' हे वाक्य ते मी समोर बसलेलो असतानाही म्हणत.

साडू हे नातं माणसाला विनाकारण लाभतं. सासरा आपण निदान पारखून घेतो, मेव्हण्याशी भांडता तरी येतं. साडू मात्र आपल्याआधीच सासुरवाडीत येऊन बसलेला असतो आणि दिवाळीत आपल्याला त्याच्या शेजारच्या पाटावर बसावं लागतं. माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची मंडळी आमचं घर बघायला आली, त्या वेळी हे मोठे जावई म्हणून बरोबर होते. आम्ही तेव्हा पर्वतीच्या पायथ्याशी एका बैठ्या चाळीत राहत होतो. होणाऱ्या सासऱ्यांनी माझा पगार विचारला, सासूबाईंनी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारलं, आणि हे गृहस्थ आल्यापासून मान वर करून बसलेले. आईने पुढे केलेली शिऱ्याची बशी त्यांना दिसलीच नाही. शेवटी न राहवून वडिलांनी विचारलं, 'काही पडलंबिडलं का अंगावर?' 'अजून नाही,' ते म्हणाले. मग जरा थांबून, 'सिमेंटचे पत्रे आहेत आपले. मे महिन्यात दुपारी आपण कुठे असता?' वडील म्हणाले, 'इथेच.' 'कमाल आहे,' असं म्हणून त्यांनी शिरा खायला घेतला. परत जाताना त्यांनी सासऱ्यांना जो अभिप्राय दिला तो मला बायकोने लग्नानंतर सांगितला. 'मुलगा बरा आहे. घर नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं आहे.'

यात त्यांचा दोष थोडा आणि नोकरीचा जास्त. एका विमा कंपनीत ते दाव्यांच्या खात्यात होते. महाराष्ट्रात कुठेही वादळ झालं, गारा पडल्या, गोदामाचं छत बसलं, कारखान्याचे पत्रे शेजारच्या गावात जाऊन पडले, की त्याचे कागद आणि फोटो यथावकाश त्यांच्या टेबलावर येत. धड असलेल्या छपराचा फोटो काढून तो विमा कंपनीला पाठवावा असं कुणालाच वाटत नाही, त्यामुळे आयुष्याची उमेदीची वर्षं त्यांनी फक्त उडालेली, तडकलेली, जळालेली आणि खचलेली छपरं बघण्यात घालवली. आपल्याला घरावरचं छप्पर दिसतं. त्यांना ते कुठे जाऊन पडेल ती जागा दिसायची. एकदा आम्ही दोघं लक्ष्मी रस्त्याने चाललो होतो, मी दुकानातल्या साड्या बघत होतो आणि ते मला पलीकडच्या दुकानावरचा पत्रा दाखवून सांगत होते की पूर्वेचा वारा आला तर हा त्या बँकेच्या दारात पडेल आणि पश्चिमेचा आला तर आपल्यावर. मला काही साडी घेता आली नाही.

अशा माणसाने धायरीला जागा घेतली. धायरी तेव्हा निव्वळ गाव होतं. सिंहगड रस्ता सोडून आत वळलं की दोन्ही बाजूंना ज्वारी नाहीतर कांदा. ऑफिसातल्या चारपाच जणांनी मिळून एका शेतकऱ्याकडून तुकडा घेतला आणि वाटून घेतला. साडू आणि माझी मेव्हणी, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तोवर शुक्रवार पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत राहत होते. खोल्या अशा की दुपारी बारा वाजता वरण शिजलं की नाही हे बघायला दिवा लावावा लागे, आणि मुलीने जरा मोठ्याने पाढे म्हटले की वरच्या मजल्यावरून मालकीणबाई जमिनीवर बत्ता आपटत. त्यामुळे धायरीच्या घराचा पाया खणला तेव्हा ताईचा आनंद बघण्यासारखा होता. आणि भिंती खरोखरच एका हिवाळ्यात उभ्या राहिल्या. शुभा, त्यांची एकुलती एक लेक, तेव्हा चौथीत होती. ज्या खोलीच्या खिडकीतून सिंहगड दिसतो ती खोली आपली, असं तिने जाहीर करून टाकलं. ताईने त्या दिवशी त्या चार भिंतींत उभं राहून एकच गोष्ट मागितली. म्हणाली, 'मला गच्ची नको, बाग नको, काही नको. शुभा या घरात मोठी होऊ दे आणि तिची हळद या घरात लागू दे. भाड्याच्या खोलीतून मला लेक पाठवायची नाही.' साडू म्हणाले, 'हळद कसली काढलीस एवढ्यात. पावसाळ्याआधी छप्पर होतंय.' कुठल्या पावसाळ्याआधी हे त्यांनी सांगितलं नाही, आणि तिथेच सगळं फसलं.

वरकरणी प्रश्न सोपा होता. पुण्यात उन्हाळा आहे, आणि उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचं वादळ आहे. या दोहोंना पुरून उरेल असं काहीतरी डोक्यावर हवं. पण उन्हाला चांगलं ते वाऱ्याला वाईट आणि वाऱ्याला चांगलं ते उन्हाला वाईट, अशी सृष्टीची रचना आहे असा शोध साडूंना लागला. स्लॅब वाऱ्याला दाद देत नाही, पण दिवसभर ऊन पिऊन बसतो आणि रात्री ते आपल्या अंगावर सोडतो. मंगलोरी कौलं गार, पण वारा खालून शिरला की एकेक करून उठतात. जस्ताचा पत्रा स्वस्त, पण दुपारी त्याखाली बसवत नाही आणि पावसात बोललेलं ऐकू येत नाही. शिवाय तो उडतो, आणि उडाला की लांब जातो. सिमेंटचा पत्रा उडत नाही, तो गारांनी फुटतो. गवताचं छप्पर सर्वांत गार, पण ऑफिसात आगीच्या दाव्यांचं वेगळं कपाट होतं आणि ते साडूंच्या पाठीमागेच होतं. असं एकेक खोडून झालं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत. आम्ही घरी गेलो की ताई चहा देताना शांतपणे सांगायची, 'आमच्याकडे सगळं आहे हो वसंतराव. घर आहे आणि छपराबद्दलची मतं आहेत.'

घर मात्र तिकडे रिकामं राहिलं नाही. शेजारचे शेतकरी आबा, ज्यांच्याकडून जागा घेतली होती, त्यांनी साडूंना विचारून एका खोलीत कडबा रचला, दुसरीत मार्केट यार्डाला न्यायचे कांदे पसरले, आणि शुभाच्या खोलीत, न विचारता, एक म्हैस बांधली. तिला खिडकीतून सिंहगड दिसायचा. आबांना साडूंची खरोखर काळजी वाटे. ते म्हणत, 'सायेब, पत्रं टाका न् मोकळं व्हा. वाऱ्याचं भ्या वाटत आसंल तर वर दगडं ठिवा.' साडू म्हणत, 'आबा, दगडांसकट उडालेले पत्रे मी पाहिलेत.' आबा थोडा विचार करून म्हणत, 'मंग दगडं बारकी व्हती.' यावर साडू सायकलवर बसून शुक्रवार पेठेत परत येत.

उन्हाच्या बाबतीत त्यांनी एक स्वतःची पद्धत काढली होती. थर्मामीटर हवा किती तापली ते सांगतो, आतला माणूस किती तापला ते सांगत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. छप्पर कळायचं असेल तर वैशाखात दुपारी जेवून त्याखाली झोपलं पाहिजे. झोप लागली तर छप्पर चांगलं, घामाने जाग आली तर वाईट, आणि नुसतीच तळमळ झाली तर अभ्यास पुढे चालू. त्यामुळे दर उन्हाळ्यात रविवारी ते पिशवीत स्वतःची उशी घालून ओळखीपाळखीच्यांकडे झोपायला जाऊ लागले. दुपारच्या वेळी पुण्यात कुणी कुणाला दार उघडत नाही हे खरं, पण 'बोलायला नाही, झोपायला आलोय' असं सांगणाऱ्याला काय उत्तर द्यावं हे कुणालाच ठरवता येत नसे. लोक बिचारे सतरंजी काढून देत.

एका सोमवारी आमच्या साहेबांनी मला खोलीत बोलावलं. एरंडवण्यात त्यांचा जुना कौलारू बंगला होता. म्हणाले, 'काल आपले साडू आमच्याकडे झोपून गेले.' मी काहीतरी पुटपुटलो. साहेब म्हणाले, 'नाही, चांगले झोपले. घोरले. उठल्यावर चहासुद्धा घेतला नाही. फक्त जाताना म्हणाले की गारवा उत्तम, पण आढ्याला वाळवी आहे. आहे का हो?' मी म्हटलं, 'तसं म्हणाले असतील तर असेल.' वाळवी खरंच निघाली. दुरुस्ती होईपर्यंत साहेबांनी पलंग व्हरांड्यात ओढला होता, आणि ऑफिसात ते माझ्याकडे जणू ती वाळवी मीच सोडली अशा नजरेने बघत. पत्र्याचा अनुभव घ्यायला साडू मार्केट यार्डात एका गूळवाल्याच्या गाळ्यात गेले. हमाल जेवून पोत्यांवर पडले होते, हेही त्यांच्यात एका पोत्यावर पडले. घामाने जाग येण्याआधी मुंगळ्यांनीच आली. घरी आले तेव्हा मान सुजली होती, पण चेहऱ्यावर एक गोष्ट कायमची निकालात काढल्याचं समाधान होतं. 'पत्रा तापतो,' ते म्हणाले, 'ही अफवा नाही.' ताईने मानेला चुना लावला आणि विचारलं, 'मग आता कौलं घालायची ना?' ते म्हणाले, 'वाऱ्याचं अजून बघायचंय.'

वाऱ्याचं बघणं हा आणखी निराळा प्रकार. वळवाचे ढग जमले, धूळ उठली, की माणसं दारं-खिडक्या लावून घेतात. साडू सायकल बाहेर काढत. एकदा मलाही ओढून खडकवासल्यापर्यंत घेऊन गेले, कारण धरणावर वारा मोकळा मिळतो. तिथे रस्त्याकडेला एक चहाची टपरी होती, वर चार पत्रे. साडूंनी चहा मागवायच्या आधी पत्र्यांचे हूक बघितले आणि टपरीवाल्याला सांगितलं, 'हे आज जाणार.' तो म्हणाला, 'साहेब, बसा, कडक करतो.' आम्ही बसलो. चहा अर्धा झाला आणि पावसासकट वारा असा सुटला की माझ्या छत्रीच्या काड्या आभाळाकडे वळल्या आणि टपरीचे दोन पत्रे टपरीवाल्याच्या आणि आमच्या देखत उठून शेतात गेले. मला वाटलं, आता साडू 'मी म्हटलं नव्हतं' म्हणणार. पण हा माणूस तसल्या मुसळधार पावसात धोतर वर खोचून चिखलातून पत्र्यांच्या मागे धावला, एक पत्रा एकट्याने ओढत आणला, हात कापून घेतला, आणि टपरीवाल्याच्या बायकोचं पीठ भिजू नये म्हणून तो तिच्या डब्यावर धरून पाऊस थांबेपर्यंत उभा राहिला. घरापाशी आल्यावर म्हणाला, 'फोटोत माणसं नसतात हो.' त्या दिवसापासून मी त्यांची थट्टा जरा कमी केली. बंद केली असं मात्र म्हणता येणार नाही.

गंमत म्हणजे घरं बांधणारे लोक त्यांचा सल्ला घ्यायला येत. प्रत्येकाला ते इतक्या प्रामाणिकपणे प्रत्येक छपराचे दोष सांगत की तो माणूस घाबरून जाई. त्यांच्या खात्यातल्या एकाने तीन रविवार ऐकून घेतलं आणि शेवटी बांधायचा विचारच सोडून एका इमारतीत पहिल्या मजल्यावर फ्लॅट घेतला. म्हणाला, 'आता माझ्यावर दुसऱ्याचं घर आहे. छप्पर त्याने बघावं.' साडूंना ते मनापासून आवडलं. 'हा उपाय मला सुचला नव्हता,' असं ते बरेच दिवस म्हणत होते.

आणि या सगळ्यात शुभा मोठी होत होती, शुक्रवार पेठेत, दिव्याच्या उजेडात. चौथीची सातवी झाली, शाळेचं कॉलेज झालं. दर वर्षी गुढीपाडव्याला ताई विचारायची, दर वर्षी साडू म्हणायचे, 'या खेपेला नक्की.' ताईला त्यांची चीड कशी येत नाही याचं मला आश्चर्य वाटे. एकदा मी तिला तसं म्हटलं तर म्हणाली, 'अहो, त्यांना आमच्या डोक्यावर चांगलंच घालायचंय. वाईट घालणारा असता तर मी भांडले असते.' शुभा बी.एस्सी. झाली आणि तिला नागपूरचं स्थळ आलं. मुलगा चांगला, माणसं चांगली. साडू नागपूरला बोलणी करायला गेले आणि ऐन एप्रिलमध्ये, मुलाच्या घरी, जेवण झाल्यावर, उशी मागून झोपले. मुलाकडच्यांना वाटलं, किती साधा माणूस, कुठेही झोपतो. उठले ते प्रसन्न चेहऱ्याने. जाड भिंती, उंच छत, वर कौलं आणि कौलांखाली लाकडी फळ्यांची तक्तपोशी. त्यांनी तिथल्या तिथे होकार दिला. ताईने मुलाचा स्वभाव कसा वाटला ते विचारलं तेव्हा म्हणाले, 'स्वभावाचं शुभाने बघितलंय. बाकीचं मी बघितलं.'

लग्नाची तारीख निघाली ती वैशाखातली. मधे अवघे काही आठवडे. कार्यालय शहरात मिळालं, पण हळदीचं आणि देवकाचं ताईने कुणाला बोलूच दिलं नाही. ते धायरीला, घरात. साडू रोज उठून म्हणत, 'आता दोनच उरलेत, स्लॅब किंवा कौलं,' आणि रात्री त्या दोनांचे पुन्हा पाच होत. पत्रिका छापून आल्या, त्यावर धायरीचा पत्ता होता, आणि घरावर आभाळ होतं. मग ताईने त्यांना विचारणं बंद केलं. एका सकाळी मला म्हणाली, 'वसंतराव, जरा माझ्याबरोबर मांडववाल्याकडे चला.'

मांडववाला धायरीला येऊन बघून गेला. त्याला काही कळेना. म्हणाला, 'बाई, मांडव दारात घालतात.' ताई म्हणाली, 'दारात नको, घरावर घाला. चारी भिंतींवरून. आतून पांढरं कापड लावा, वरून ताडपत्री.' तो म्हणाला, 'घरावर?' ताई म्हणाली, 'लेकीच्या हळदीला मांडव घालतातच. मी फक्त जागा सांगतेय.' त्याने खांद्यावरचं फडकं काढून तोंड पुसलं आणि माप घ्यायला सुरुवात केली. आबांनी म्हैस, कडबा, कांदे सगळं एका दिवसात हलवलं आणि जमीन शेणाने सारवून घेतली. मांडव चढला तेव्हा साडू खाली उभे राहून बघत होते. उतार किती, दोरखंड कुठे बांधला, कापड भिजलं की किती जड होतं, असं एकेक त्यांनी विचारायला घेतलं. मांडववाला वरूनच म्हणाला, 'साहेब, दोन दिवसांचं तर काम आहे.' दोन दिवसांच्या छपराबद्दल साडूंचा काही अभ्यास नव्हता.

हळदीच्या दिवशी दुपारी सिंहगडाच्या बाजूने आभाळ काळं व्हायला लागलं तेव्हा आम्हा सगळ्यांच्या माना वर गेल्या. मधल्या खोलीत पाट मांडला होता, शुभा पिवळी साडी नेसून त्यावर बसली होती, भोवती बायका, ताईच्या हातात हळदीची वाटी. पहिला वारा आला आणि सगळा मांडव एकदा वर उचलला जाऊन धप्पकन खाली बसला. एका म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या, 'उचला गं पोरीला, शेजारी घेऊन जाऊ.' ताई म्हणाली, 'कुणी उठायचं नाही.' मग पाऊस कोसळला. ताडपत्रीवर पाणी साठत गेलं आणि नेमका शुभाच्या पाटावर मांडवाला भलामोठा फुगा आला, खाली खाली उतरू लागला. आणि देवकाची पूजा आटोपून रेशमी सोवळ्यातच उभे असलेले आमचे साडू कोपऱ्यातला एक बांबू घेऊन पुढे आले. टोकाला स्वतःचं उपरणं गुंडाळलं, तो फुग्याला खालून लावला आणि वर रेटला. पाणी भिंतीपलीकडे धबधब्यासारखं गेलं, त्यातलं अर्धं भिंतीवरून उलटून त्यांच्या अंगावर आलं. फुगा पुन्हा भरला, त्यांनी पुन्हा रेटला. नंतर तर त्यांनी बांबू खाली घेतलाच नाही. पाण्याला उतार मिळावा म्हणून दोन्ही हातांनी तो डोक्यावर धरून लेकीच्या मागे खांबासारखे उभे राहिले. कोपरांवरून पाणी गळत होतं. मी जाऊन म्हटलं, 'द्या, मी धरतो थोडा वेळ.' म्हणाले, 'राहू द्या. इथे किती रेटायचं ते मला समजलंय.' शुभाने वर बघून म्हटलं, 'बाबा, भिजताय किती.' ते म्हणाले, 'तू वर बघू नकोस. समोर बघ.' ताई एकेका बाईला बोलावत होती, हळद लावून घेत होती, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. हळद लागली. शुभावर एक थेंब पडला नाही.

लग्न झालं, शुभा नागपूरला गेली. मांडववाला कापड न्यायला आला तेव्हा साडूंनी त्याला हात जोडून सांगितलं की मांडवपरतणीला मुलगी येईल, तोवर राहू द्या. ती आली. जेवणं झाली आणि मांडववाल्याच्या माणसांनी दोर सोडले. कापड खाली आलं तसं ऊन पुन्हा घरात भरलं, आणि आम्ही सगळे त्या उन्हात उगाच उभे राहिलो. साडूंनी शुभाला विचारलं, 'तू सांग. काय घालू?' ती सहज म्हणाली, 'कौलं घाला ना बाबा. छान दिसतात.' मला वाटलं आता तासभर कौलांचे दोष ऐकावे लागणार. पण साडूंनी दुसऱ्या दिवशी कौलं सांगितली आणि मृगाच्या आत घर शाकारून झालं. वाऱ्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, 'उठली तर बसवू.'

आता ते दोघं तिथेच राहतात. शुभा दर मे महिन्यात चार दिवस येते. नागपूरच्या उन्हातून आलेल्या माणसाला धायरीचं काहीही गारच लागणार. मागच्या खेपेला मी तिथे होतो. ती रिक्षातून उतरली, आत आली, चपला काढून फरशीवर उभी राहिली आणि म्हणाली, 'बाबा, काय गार आहे हो तुमचं घर.' ताई पाणी आणायला आत गेली. साडू म्हणाले, 'आहे खरं.'

संध्याकाळी आम्ही दोघं ओट्यावर बसलो होतो. आत मायलेकींचं काहीतरी बोलणं चाललं होतं, हसण्याचा आवाज येत होता. साडू माझ्याकडे न बघता म्हणाले, 'वसंतराव, ती चौथीत होती तेव्हाच पत्रा टाकायला हवा होता.' मी म्हटलं, 'तापला असता.' ते म्हणाले, 'तापला असता. एखादा उडालाही असता. पण तिने आज आपलं घर म्हटलं असतं.'